३९ अंकांची संख्या आणि शाळेतला शिक्षक : एदुआर ल्युकाची गोष्ट

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

वर लिहिलेली ही एकच संख्या आहे. वाचायला सोपी जावी म्हणून तीन-तीन अंकांचे गट पाडले आहेत. एकूण अंक ३९. थोडक्यात लिहायची तर २ चा १२७वा घात करायचा आणि त्यातून १ वजा करायचा.

ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडली, तर दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही. हे १८७६ साली एका फ्रेंच शिक्षकाने जाहीर केलं. तेव्हा संगणक नव्हता आणि त्याने हे काम कोणत्याही यंत्राशिवाय केलं. त्यानंतर ७५ वर्षं जगात कुणालाही याहून मोठी मूळ संख्या सापडली नाही. निव्वळ हाताने आकडेमोड करून सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणून ती आजही ओळखली जाते.

त्या शिक्षकाचं नाव एदुआर ल्युका. पण एवढ्या मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही, हे त्याला कळलं कसं? सगळ्या संख्यांनी भागून पाहणं तर कुणालाच शक्य नव्हतं. त्याने एकाही संख्येने भागून न पाहता हे उत्तर काढलं. ल्युकाची खरी कामगिरी हीच आहे, आणि आजचे संगणकही त्याच वाटेने जातात.

वेधशाळा, युद्ध आणि शाळा

ल्युकाचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ शहरात झाला. हुशार विद्यार्थी म्हणून तो पॅरिसच्या एकोल नोर्माल या नामवंत संस्थेत शिकला. शिक्षण संपल्यावर त्याला पॅरिसच्या वेधशाळेत साहाय्यकाची नोकरी मिळाली. तिथे प्रमुख होता ल व्हेरिए. नेपच्यून हा ग्रह दुर्बिणीतून दिसण्याआधी गणिताने त्याची जागा सांगणारा तो हाच.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. ल्युका तोफखान्यात अधिकारी म्हणून लढला. फ्रान्स हरला. युद्धानंतर ल्युका वेधशाळेत परतला नाही, तो शिक्षक झाला. आधी मूलँ या छोट्या शहरात, मग पॅरिसमधल्या सेंट लुई आणि शार्लमान्य या शाळांत त्याने गणित शिकवलं. मोठ्या विद्यापीठातलं प्राध्यापकपद त्याच्या वाट्याला आलं नाही. दिवसा वर्ग आणि उरलेल्या वेळात संख्या, असं त्याचं आयुष्य होतं.

तोफखान्याशी जुळणारं एक कोडंही त्याने १८७५ मध्ये जगापुढे ठेवलं. तोफगोळ्यांचा चौकोनी पायाचा ढीग रचायचा : सर्वांत वर १ गोळा, खाली ४, त्याखाली ९, असं करत जायचं. हेच सगळे गोळे जमिनीवर पसरून पुन्हा एक पूर्ण चौरस करता येईल, असा ढीग किती थरांचा? उत्तर आहे २४ थर. एकूण गोळे ४९००, म्हणजे ७० गुणिले ७०. एका गोळ्याचा ढीग सोडला तर दुसरं उत्तर नाही, असं ल्युकाचं म्हणणं होतं. ते बरोबर असल्याची पूर्ण सिद्धता १९१८ मध्ये मिळाली. बरोबर उत्तर आधी दिसणं आणि पुरावा मागून येणं, असं त्याच्या बाबतीत पुढेही घडणार होतं.

एका साधूची यादी

ल्युकाच्या संख्येची कहाणी त्याच्या जन्माच्या सुमारे दोनशे वर्षं आधी सुरू होते. पॅरिसमध्ये मारँ मर्सेन नावाचा एक ख्रिस्ती साधू राहत होता. युरोपभरच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार असे. त्याला २ च्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्यांचं कुतूहल होतं.

२ चा वर्ग ४, त्यातून १ गेला की ३. ही मूळ संख्या. २ चा तिसरा घात ८, त्यातून १ गेला की ७. हीसुद्धा मूळ. पाचव्या घाताने ३१ मिळते आणि सातव्या घाताने १२७. दोन्ही मूळ. घातांक संयुक्त असेल तर उत्तर कधीच मूळ येत नाही, त्यामुळे घातांक मूळ असावाच लागतो. पण तेवढं पुरेसं नाही. ११ ही मूळ संख्या आहे, तरी २ च्या अकराव्या घातातून १ वजा केल्यावर २०४७ येते, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

मग कोणते घातांक चालतात? १६४४ मध्ये मर्सेनने २५७ पर्यंतची यादी छापली : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. यातल्या मोठ्या घातांकांची संख्या त्या काळात तपासता येणं शक्यच नव्हतं. तरीही यादी टिकली, आणि अशा मूळ संख्यांना पुढे मर्सेन मूळ संख्या हे नाव पडलं.

या संख्यांचं आकर्षण ग्रीकांपासून चालत आलं आहे. ६ चे विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज ६. २८ चे विभाजक १, २, ४, ७ आणि १४. त्यांची बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या तयार होते, हे युक्लिडने दाखवून ठेवलं होतं.

१७७२ मध्ये ऑयलरने घातांक ३१ ची संख्या, म्हणजे २१४७४८३६४७, मूळ असल्याचं सिद्ध केलं. त्यापासून १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळाली. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने आपल्या पुस्तकात भाकीत केलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणाला कधीच सापडणार नाही. अशा संख्यांचा काही उपयोग नसल्याने त्यामागे कुणी लागणारच नाही, असं त्याला वाटत होतं. १८६७ मध्ये लाँद्री या फ्रेंच माणसाने १३ अंकांची मूळ संख्या शोधली, पण ती मर्सेन संख्या नव्हती. १३ अंकांपलीकडे जाणं आता फार अवघड झालं होतं.

भागून पाहायचं तर किती वेळ लागेल?

संख्या मूळ आहे का हे तपासायची शाळेतली रीत आपल्याला माहीत आहे. २ ने भाग जातो का, ३ ने जातो का, ५ ने जातो का, असं वर्गमुळापर्यंत पाहत जायचं.

आपल्या ३९ अंकी संख्येचं वर्गमूळ २० अंकी आहे. अर्थात सगळ्या संख्या तपासाव्या लागत नाहीत. अशा संख्येला भाग जाणारच असेल, तर तो घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांनीच जातो. वरच्या २०४७ मध्ये घातांक ११, दुप्पट २२. विभाजक २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे २२ ची चौपट अधिक १. घातांक १२७ असेल तर २५४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्याच तपासायच्या. काम बरंच कमी झालं. तरी दर सेकंदाला एक भागाकार केला, तर दीडशे कोटी वर्षांहून जास्त वेळ लागेल.

म्हणजे ही वाट बंदच होती. ल्युकाने प्रश्नच बदलला. संख्येला कोण भागतं हे न शोधता, ती संख्या मूळ असेल तर ती कशी वागेल, हे त्याने पाहिलं.

फिबोनाची आणि ल्युकाचा क्रम

१, १, २, ३, ५, ८, १३, २१ हा क्रम बहुतेकांच्या ओळखीचा आहे. प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. याला फिबोनाची क्रम म्हणतात, आणि हे नाव रूढ करणारा ल्युकाच. इटलीतल्या फिबोनाचीने १२०२ मध्ये सशांच्या जोड्यांच्या उदाहरणात हा क्रम दिला होता. त्याच्याही आधी आपल्याकडे विरहांक आणि हेमचंद्र यांना लघु-गुरू मात्रांच्या छंदांची मोजणी करताना हाच क्रम गवसला होता, पण युरोपातल्या ल्युकाच्या पिढीपुढे नाव फिबोनाचीचं होतं.

ल्युकाने याच नियमाचा एक जुळा क्रम अभ्यासला. तो १ आणि ३ ने सुरू होतो : १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७. आज याला ल्युका संख्या म्हणतात. यातल्या दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या जागेवरच्या संख्या घ्या : ३, ७, ४७, २२०७. यांच्यात एक सोपं नातं आहे. एकीचा वर्ग करा, २ वजा करा, की पुढची मिळते. ३ चा वर्ग ९, वजा २ म्हणजे ७. ७ चा वर्ग ४९, वजा २ म्हणजे ४७. ४७ चा वर्ग २२०९, वजा २ म्हणजे २२०७.

ल्युकाची कसोटी याच साखळीवर उभी आहे. घातांकाला ४ ने भागून बाकी ३ उरत असेल, तर ही साखळी मर्सेन संख्येवर वापरता येते. प्रत्येक पायरीवर त्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांकापेक्षा एकने कमी असलेल्या जागेवर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही आली तर संयुक्त.

घातांक ७ घेऊन आपणच करून पाहू. संख्या आहे १२७. सहाव्या जागेवर शून्य यायला हवं.

पहिली : ३
दुसरी : ७
तिसरी : ४७
चौथी : २२०७, १२७ ने भागून बाकी ४८
पाचवी : ४८ चा वर्ग वजा २ म्हणजे २३०२, बाकी १६
सहावी : १६ चा वर्ग वजा २ म्हणजे २५४, बाकी ०

शून्य आलं. म्हणून १२७ ही मूळ संख्या आहे. हे ठरवताना ३, ५, ७ किंवा ११ ने भाग जातो का, हे आपण पाहिलंच नाही.

हीच रीत घातांक ११ ला लावली तर दहाव्या जागेवर शून्य यायला हवं. साखळी अशी जाते : ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, १६०, १०३४. नवव्या जागेवर १६० पुन्हा आला आणि साखळी फिरून तिथेच आली. दहाव्या जागेवर शून्य नाही. म्हणून २०४७ संयुक्त. गंमत म्हणजे २३ आणि ८९ हे तिचे विभाजक या आकडेमोडीत कुठेच दिसत नाहीत. संख्या फुटते हे कळतं, कशी फुटते ते कळत नाही.

प्यादी आणि पट

घातांक १२७ साठी साखळी १२६ जागांची होते. म्हणजे १२५ वेळा वर्ग करायचा, तोही ३९ अंकी संख्यांचा, आणि दर वेळी ३९ अंकी संख्येने भागून बाकी काढायची. दीडशे कोटी वर्षांपुढे हे काहीच नाही, पण कागद-पेन्सिलीने करायचं तर एक चूकही सगळं वाया घालवते.

यावर ल्युकाने खेळातली युक्ती सांगितली. संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून मांडायच्या. बुद्धिबळासारखा पट घ्यायचा, एका ओळीत १२७ घरं आणि अशा १२७ ओळी. १ असेल तिथे प्यादं ठेवायचं, ० असेल तिथे घर रिकामं. गुणाकार म्हणजे तीच ओळ एकेक घर सरकवून खाली खाली मांडणं. मग बेरीज : एका उभ्या रांगेत दोन प्यादी असतील तर दोन्ही उचलायची आणि शेजारच्या रांगेत एक ठेवायचं. हा आपला नेहमीचा हातचा.

भागाकार तर करावाच लागत नाही. ९ ने भागल्यावर किती बाकी उरते हे पाहायला आपण अंकांची बेरीज करतो. ९९ साठी दोन-दोन अंकांचे गट करून बेरीज करता येते. २२०७ चे गट २२ आणि ०७, बेरीज २९, आणि २२०७ ला ९९ ने भागल्यावर बाकी २९ च उरते. द्विमान पद्धतीत मर्सेन संख्या म्हणजे नुसते १, १, १ असतात, जशी दशमान पद्धतीत ९९९. त्यामुळे तिथेही हेच चालतं. पटाच्या डाव्या कडेच्या बाहेर जाणारं प्यादं उजव्या कडेने पुन्हा आत घ्यायचं, की बाकी तयार. लाखो भागाकारांचं काम प्यादी सरकवण्यावर आलं.

१८७६ मध्ये ल्युकाने जाहीर केलं की मर्सेनच्या यादीतली १२७ ची संख्या मूळ आहे. १३ अंकांवर अडलेला विक्रम एका उडीत ३९ अंकांवर गेला. बार्लोचं भाकीतही खोटं ठरलं, कारण या संख्येपासून ७७ अंकांची परिपूर्ण संख्या मिळते.

त्याच सुमारास त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. यादीतली ६७ ची संख्या मूळ नाही. मर्सेन चुकला होता. पण विभाजक कोणते? ते ल्युकाला सांगता आले नाहीत. त्यासाठी २७ वर्षं जावी लागली. १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकी गणितज्ञाने ते सभेपुढे मांडले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. कोलने तिथे भाषण न करता फळ्यावर फक्त गुणाकार करून दाखवला, असं सांगतात. संख्या फुटते हे कळणं आणि ती फोडणं, या दोन कामांत किती अंतर आहे ते या २७ वर्षांत दिसतं.

मर्सेनची यादी पुढेही ढासळत गेली. १८८३ मध्ये पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने घातांक ६१ ची संख्या मूळ असल्याचं दाखवलं. ती यादीत नव्हतीच. ८९ आणि १०७ सुद्धा राहून गेले होते, आणि २५७ ची संख्या संयुक्त निघाली. १२७ मात्र टिकला.

काशीची गोष्ट आणि हनोईचा मनोरा

गणिताशी संबंध नसलेल्या लोकांना ल्युका माहीत असतो तो एका खेळण्यामुळे. १८८३ मध्ये पॅरिसच्या बाजारात हनोईचा मनोरा नावाचा खेळ आला. तीन दांड्या आणि त्यातल्या एकीवर लहान-मोठ्या आठ चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही आणि सगळा मनोरा दुसऱ्या दांडीवर न्यायचा. खेळावर नाव होतं सयाममधल्या एका कॉलेजचे प्राध्यापक क्लाउस यांचं. हा प्राध्यापक कुठेच नव्हता. त्याच्या आणि त्याच्या कॉलेजच्या नावातली अक्षरं उलटसुलट केली, की आमियाँचा ल्युका आणि सेंट लुई ही नावं निघतात.

खेळाबरोबर एक गोष्टही पसरली. काशीच्या एका मंदिरात हिऱ्याच्या तीन सुया आहेत, सृष्टीच्या आरंभी ब्रह्मदेवाने त्यातल्या एकीवर सोन्याच्या ६४ चकत्या रचल्या, पुजारी रात्रंदिवस त्या हलवत आहेत आणि काम संपेल त्या दिवशी जगही संपेल. काशीच्या लोकांनी अशा मंदिराबद्दल ऐकलं नसलं तरी नवल नाही, कारण ही गोष्ट फ्रान्समध्ये तयार झाली होती. तिच्यातलं गणित मात्र खरं आहे. ६४ चकत्यांना कमीत कमी १८४४६७४४०७३७०९५५१६१५ चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर ५८ हजार कोटी वर्षांहून अधिक. बुद्धिबळाच्या पटावर गव्हाचे दाणे दुप्पट करत जाण्याच्या गोष्टीतही हीच संख्या येते.

ती येते कशी? एका चकतीला १ चाल, दोन चकत्यांना ३, तीन चकत्यांना ७. प्रत्येक चकतीमागे चाली दुप्पट होतात आणि एक वाढते. म्हणजे २ चा घात वजा १, मर्सेनच्याच संख्या! सात चकत्यांना १२७ चाली लागतात. आणि १२७ चकत्यांचा मनोरा रचला, तर त्याला ल्युकाच्या ३९ अंकी मूळ संख्येइतक्या चाली लागतील.

ल्युकाने गणिती करमणुकीवर चार खंड लिहिले. त्यातले शेवटचे दोन त्याच्या मृत्यूनंतर निघाले. कागदावर ठिपके काढून रेघांनी चौकोन पूर्ण करायचा खेळ आपण वहीच्या मागच्या पानावर खेळतो, तो १८८९ मध्ये पहिल्यांदा छापून प्रसिद्ध करणाराही ल्युकाच.

राहिलेल्या फटी

ल्युकाच्या कामात उणिवाही होत्या. अमेरिकेतल्या नव्या गणिती नियतकालिकात १८७८ मध्ये त्याचा मोठा प्रबंध आला, आणि त्याने या विषयाचा पाया घातला. पण त्यातली काही प्रमेयं पुरेशा सिद्धतेशिवाय होती आणि काही ठिकाणी चुका होत्या. ३९ अंकी संख्येची आकडेमोडही त्याने पूर्णपणे छापली नव्हती. वाचणाऱ्याला ती तपासून पाहायला हातात काही नव्हतं. खरं खोटं कळायचं, तर ते सगळं गणित कुणीतरी पुन्हा करायला हवं होतं.

ते पाहायला ल्युका उरला नाही. सप्टेंबर १८९१ मध्ये फ्रेंच विज्ञान परिषदेचं वार्षिक अधिवेशन मार्सेय शहरात भरलं होतं. तिथल्या मेजवानीत वाढणाऱ्याच्या हातून बश्या पडल्या. फुटलेल्या बशीचा एक तुकडा उडून ल्युकाच्या गालाला लागला. जखम लहान होती, पण ती चिघळली. प्रतिजैविकं यायला अजून काही दशकं होती. ३ ऑक्टोबर १८९१ रोजी पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय ४९. त्याच्या संख्यासिद्धान्तावरच्या ग्रंथाचा पहिला खंड त्याच वर्षी निघाला होता. पुढचे खंड लिहायचे राहून गेले.

१९१४ मध्ये फोकाँबेर्ग या फ्रेंच गणितज्ञाने द्विमान पद्धतीनेच ते सगळं गणित पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. ल्युका बरोबर होता. १९३० मध्ये डी. एच. लेमर या अमेरिकी गणितज्ञाने सिद्धतेतल्या फटी बुजवल्या आणि कसोटी आणखी सुटसुटीत केली. सुरुवात ३ ऐवजी ४ ने केली, की ती २ पेक्षा मोठ्या कोणत्याही मूळ घातांकाला चालते, आणि नेमकं उत्तर देते. आज तिला ल्युका-लेमर कसोटी म्हणतात.

विक्रम मोडला, पण ल्युकाच्याच हाताने

१९५१ मध्ये ७५ वर्षांचा विक्रम मोडला. आधी फेरिए या फ्रेंच माणसाने टेबलावरच्या गणनयंत्राच्या मदतीने ४४ अंकांची मूळ संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मिलर आणि व्हीलर यांनी एडसॅक या सुरुवातीच्या संगणकावर ७९ अंकांची मूळ संख्या शोधली.

ती ७९ अंकी संख्या त्यांनी कशी घडवली, ते पाहण्यासारखं आहे. ल्युकाच्या ३९ अंकी संख्येचा वर्ग केला, त्याला १८० ने गुणलं आणि १ मिळवला. असं का? एखाद्या संख्येतून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचे मूळ अवयव ठाऊक असतील, तर ती मूळ आहे का हे सिद्ध करणं सोपं जातं. ही कल्पनासुद्धा ल्युकाचीच होती. म्हणजे त्याचा विक्रम मोडायला त्याचीच संख्या आणि त्याचाच विचार लागला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या आहे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिचे अंक आहेत ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. ती जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालणाऱ्या प्रकल्पात सापडली, आणि ती मूळच आहे याची शेवटची खात्री ल्युका-लेमर कसोटीने केली गेली. वर्ग करा, २ वजा करा, बाकी ठेवा. आपण वर १२७ साठी केलं, तेच कोट्यवधी वेळा.

एक प्रश्न मात्र तसाच उभा आहे. २ पासून सुरुवात करा. २ चा दुसरा घात वजा १ म्हणजे ३. २ चा तिसरा घात वजा १ म्हणजे ७. २ चा सातवा घात वजा १ म्हणजे १२७. २ चा १२७वा घात वजा १ म्हणजे ल्युकाची संख्या. प्रत्येक उत्तर पुढच्या पायरीचा घातांक होतं, आणि प्रत्येक उत्तर मूळ आहे. ल्युकाची घोषणा झाल्यावर १८७६ मध्येच बेल्जियममधल्या कातालाँ या गणितज्ञाने ही साखळी दाखवली. मग पुढची कडी? ल्युकाची संख्या घातांक म्हणून घेतली, तर येणारी संख्याही मूळ असेल का?

हे आज कुणालाच माहीत नाही. त्या संख्येला इतके अंक आहेत, की त्या अंकांची संख्या लिहायलाच ३८ अंक लागतात. ती लिहायला पृथ्वीवरचा कागद पुरणार नाही, आणि ल्युकाची कसोटी लावायची तर पायऱ्या ३९ अंकी होतील. घातांक १२७ ला भागाकाराची वाट बंद होती, तेव्हा ल्युकाने दुसरी शोधली. इथे ल्युकाचीही वाट बंद आहे. तिसरी कुणीतरी शोधायची आहे.